लहान मुलांना शाश्वतता शिकवायची तर सुरुवात घरातल्या नळापासून

पुण्यातल्या बहुतेक बालवाड्यांच्या भिंतींवर हिरवीनिळी पृथ्वी हसत असते आणि मुलांना ‘पाणी वाचवा, झाडे लावा’ तोंडपाठ असतं. त्याच मुलांना विचारा, नळाला पाणी कुठून येतं? ‘टाकीतून.’ टाकीत कुठून येतं? ‘पाइपातून.’ गाडी इथेच थांबते. पाच वर्षांच्या मुलानं एवढंच सांगितलं यात त्याचं काही चुकलेलं नाही. पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेच माहीत नसेल, तर ते वाचवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे त्याला कळणार तरी कसं?

म्हणून माझं ठाम मत आहे की तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी टाकूच नये. घरातली एकेक गोष्ट कुठून येते, वापरून झाल्यावर कुठे जाते, आणि आपण वापरतो तितक्या वेगानं ती परत भरून येते का, एवढं बघण्याची सवय त्यांना लावावी. याची सुरुवात शाळेत होऊ शकते, पण ती सवय मुरते घरातच. नळ, मोरी, डस्टबिन, फ्रिज, गीझर हे सगळं घरातच आहे आणि ते रोज वापरणारी मोठी माणसंही तिथेच आहेत.

एका कुंडीत मावणारी व्याख्या

शाश्वत विकासाची जगभर वापरली जाणारी व्याख्या १९८७ सालची आहे. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं ती मांडली. तिचं सार असं: आजच्या गरजा अशा भागवायच्या, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अशक्य होऊ नये. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं ठरवली. त्यांत पर्यावरणाबरोबर गरिबी, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानताही आहे. मोठ्यांनी हे माहीत करून घ्यावं, पण मुलांना यातलं काहीही सांगायची गरज नाही.

मुलांना सांगायचा गाभा इतकाच: वापरण्याचा वेग आणि भरून येण्याचा वेग. हा गाभा समजावायला मला कढीपत्त्याच्या कुंडीपेक्षा चांगलं साधन अजून सापडलेलं नाही. गॅलरीत एक कुंडी ठेवा आणि रोजच्या फोडणीसाठी पानं तोडायचं काम मुलाकडे द्या. रोज एक-दोन काड्या तोडल्या तर झाड टिकतं, उलट फांद्या फुटून दाट होतं. एखाद्या दिवशी हौसेनं सगळी पानं ओरबाडली तर पुढचे कितीतरी दिवस फोडणी कढीपत्त्याशिवाय. शिवाय पुण्यातल्या थंडीत कढीपत्ता जवळजवळ वाढतच नाही, पानं पिवळी पडतात, गळतात. उन्हाळा लागला की पुन्हा पालवी येते. म्हणजे थंडीत हात आखडता घ्यायचा, पावसाळ्यात जरा सैल सोडायचा. जंगल, मासे, भूजल यांच्याबद्दल तज्ज्ञ मंडळी जे बोलतात ते मुळात हेच आहे, आणि ते मुलाच्या बोटांना कळलेलं असतं.

कढीपत्ता कळला की त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी ठेवता येतात. घरातला लाकडी पाट ज्या झाडापासून झाला, तसं झाड वाढायला आजीच्या वयाइतका काळ लागतो. आणि बाबांच्या स्कूटरमधलं पेट्रोल तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली, आपण वाट पाहून ते परत येणार नाही. काही गोष्टी आठवड्यात परत येतात, काही आयुष्यभरात, काही येतच नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही वर्गवारी छान जमते. त्याच्याबरोबर घरभर फिरून वस्तू ओळखायचा खेळ खेळून बघा.

मूल विचार कसं करतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक पर्यावरण-शिक्षण इथेच फसतं. आपण मुलांना मोठ्या माणसांचे आकडे आणि मोठ्या माणसांचा काळ देतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, तो घरी सहज करता येतो. दोन सारख्या भांड्यांत सारखं पाणी घ्या. मुलाकडून ‘सारखंच आहे’ हे वदवून घ्या. मग त्याच्यासमोरच एका भांड्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, आता जास्त कशात? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. ओतल्यानं पाणी वाढत किंवा कमी होत नाही, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. ज्या मुलाला हे अजून उमगलेलं नाही, त्याला ‘शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात’ हे सांगून काय उपयोग? त्याला तांबे मोजू द्या. आंघोळीला किती तांबे लागले, दात घासताना नळ तसाच सोडला तर खाली ठेवलेल्या बादलीतून किती तांबे निघाले. तांब्या त्याच्या हातात मावतो, त्यामुळे तो मोजणं त्याला जमतं.

काळाचंही तसंच. ‘२०५० मध्ये’ किंवा ‘पुढच्या पिढ्यांना’ या शब्दांना चार वर्षांच्या मुलाच्या मनात जागाच नसते. ‘गणपती येतील तेव्हा’, ‘तू पहिलीत जाशील तेव्हा’ हे त्याला कळतं. म्हणून जे दाखवायचं त्याचा फेरा त्या काळात बसला पाहिजे. मेथी पेरली तर आठवड्याभरात इवली पानं दिसतात आणि महिन्याच्या आत भाजीपुरती वाढते. कंपोस्टला दीड-दोन महिने लागतात. धरण एका पावसाळ्यात भरतं.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जी बालशिक्षणाची कामं केली, त्यात पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच शैक्षणिक साधनं होती. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. आज पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाचा परिसर म्हणजे जिना, गॅलरी, सोसायटीची टाकी, गेटवरची कचऱ्याची गाडी. तर आपली कुरणशाळा तिथेच भरवायला हवी.

नळामागे चालत जाऊ

पाण्याबद्दल मी जरा विस्तारानं लिहिणार आहे, कारण पुण्याइतका चांगला पाण्याचा पाठ फार थोड्या शहरांकडे असेल.

शहराच्या बऱ्याच भागाला पाणी येतं ते पश्चिमेच्या डोंगरांतल्या चार धरणांतून: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. टेमघर मुठा नदीवर, वरसगाव मोसे नदीवर, पानशेत आंबी नदीवर. या तिन्हींचं पाणी शेवटी खडकवासल्यात येतं आणि तिथून कालव्यानं आणि मोठ्या पाइपांनी पर्वतीसारख्या जलकेंद्रांत. तिथे ते शुद्ध होतं, उंचावरच्या टाक्यांत चढतं आणि मग आपल्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं. पूर्वेकडच्या काही भागांना भामा आसखेडचं पाणी मिळतं, पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं. शहराच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या अजून टँकर आणि बोअरवर आहेत. तुमच्याकडे यांपैकी कुठलं पाणी येतं, हे आधी आईबाबांनी शोधून काढायचं. मुलासमोर ‘मलाही माहीत नव्हतं, चल विचारू’ म्हणायला काहीच हरकत नाही.

मग एखाद्या रविवारी मुलाला घेऊन उलटं चालत जायचं. नळ, त्यामागचा पाइप, गच्चीवरची टाकी, तिथे पाणी चढवणारी मोटर, ती सुरू करणारे वॉचमनकाका, जमिनीखालची टाकी, रस्त्यातली व्हॉल्व्हची झाकणं. मोटर सुरू होते तो आवाज मुलाला ऐकू द्या. पाणी वर चढवायला वीज लागते हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

या चार धरणांची एकत्र साठवण साधारण २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. हा आकडा मुलासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्याच्यापर्यंत पोचवायची गोष्ट अशी: जून ते सप्टेंबर धरणं भरतात आणि ते पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. तेही एकट्या पुण्याला नाही, कालव्यावरच्या दौंड-इंदापूरच्या शेतांनाही. चार महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचा खर्च.

हे डोळ्यांनी दाखवता येतं. मे महिन्यात पानशेतच्या काठावर जा, पाणी खाली गेलेलं असतं आणि उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसतो. त्याच जागी ऑगस्टमध्ये परत जा, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि तिथूनच फोटो काढा. खडकवासला जवळ आहे, चौपाटीवर कणीसही मिळतं, पण वरच्या धरणांतून त्यात पाणी सोडलं जात असल्यामुळे तिथे हा फरक इतका ठळक दिसत नाही. दोन फोटो फ्रिजवर शेजारी शेजारी लावले की मूल रोज बघतं आणि प्रश्न विचारतं.

आता दुसरं टोक, ज्याकडे बहुतेक जण जातच नाहीत: मोरीतून पाणी कुठे जातं? आपल्या आंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं पाणी ड्रेनेजमधून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांकडे जातं, काही भाग शुद्ध न होताच नदीत मिसळतो. संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, ही मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते. उजनीचं पाणी सोलापूर वापरतं. उजनीच्या खाली पंढरपूर, तिथे याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. पुढे ती कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र पुण्यापासून इतका जवळ, तरी आपल्या मोरीतलं पाणी थेट दुसऱ्या समुद्राकडे निघतं, हे ऐकून मोठी माणसंही चकित होतात.

आषाढी वारीला पंढरपूरकडे निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा हे सांगायची फार चांगली वेळ असते. पालखी जिथे चालली आहे तिथेच आपलं पाणीही चाललं आहे. वारकरी आजी-आजोबा चंद्रभागेत स्नान करतील त्या पाण्यात थोडं आपल्या घरचंही असेल. मग ते कसं असायला हवं? सिंकमध्ये उरलेलं तेल ओतायचं का? रंगपंचमीचे रासायनिक रंग कुठे गेले असतील? मी हे प्रश्न मुलांना नुसते विचारते आणि गप्प बसते. उत्तर ती देतात. इतरांची काळजी करणं शिकवायला मुलाला ध्रुवीय अस्वलापर्यंत न्यायची गरज नाही, पंढरपूर पुरेसं आहे.

कचरा नाहीसा होत नाही

मुलांच्या दृष्टीनं कचरा म्हणजे डस्टबिनमध्ये टाकला की संपला. ही समजूत मोडायला एक मोठी कुंडी, माती आणि सहा-सात आठवडे लागतात. कुंडीत एका बाजूला केळ्याची साल पुरा, मग वर्तमानपत्राचा तुकडा, जुन्या सुती रुमालाचा तुकडा, आणि चॉकलेटचं चकचकीत वेष्टन. प्रत्येक जागी काडी रोवून खूण करा, माती ओलसर ठेवा. मुलाला मधेच उकरायची फार घाई होते, तेवढं सांभाळा. ठरलेल्या दिवशी उकराल तेव्हा केळ्याची साल बहुधा सापडणारच नाही, कागदाचा लगदा झालेला असेल, कापड विरायला लागलेलं असेल, आणि वेष्टन माती झटकली की जसंच्या तसं. हे वेष्टन भंगारवालेही सहसा घेत नाहीत, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, आणि दुकानात पुढच्या वेळी ते स्वतः वेष्टन उलटसुलट करून बघतं.

ओल्या कचऱ्याचं खत घरी करत असाल तर त्यातला एक भाग पूर्णपणे मुलाकडे द्या: सुकी पानं आणून त्याचा थर देणं. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पानगळ होते आणि अनेक ठिकाणी ती पानं पेटवून देतात. तीच पानं पिशवीत भरून ठेवली तर वर्षभर पुरतात. भाजीच्या देठांत नायट्रोजन आणि पाणी जास्त, सुक्या पानांत कार्बन जास्त. दोन्ही मिळाले आणि मधून मधून हलवून हवा मिळाली की जीवाणू झपाट्यानं काम करतात. घाण वास आला तर समजायचं की आत हवा नाही, पाणी जास्त झालं. सुकी पानं घालायची आणि ढवळायचं. मुलाला ‘वास आला, मग काय करायचं?’ एवढं ठरवू दिलं की कंपोस्ट त्याचं होतं. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. तुम्ही किंचाळलात की मूलही किंचाळणार.

आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींशी मुलाची ओळख करून द्या. पुण्यात हे काम करणाऱ्यांचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि दारोदार कचरा गोळा करू लागली. आपण जे वेगळं करत नाही ते या बायका हातानं वेगळं करतात. म्हणूनच डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा असतो, म्हणजे नकळत त्यांचा हात त्यात जात नाही. तो लाल ठिपका काढायचं काम चार वर्षांचं मूलही खडूनं करू शकतं, आणि ते कोणासाठी करतो आहोत हे त्याला माहीत असलं पाहिजे. घरात धाकटं भावंड डायपरमध्ये असेल तर हे काम ते फार जबाबदारीनं करतं.

इथे शाळांना एक कळकळीची विनंती. ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्पासाठी पालकांना नवा थर्माकोल, चकमकीत कागद आणि गोंदाच्या बाटल्या आणायला लावू नका. ती वस्तू आठवड्यात कचऱ्यातच जाते, आणि ती बहुतेक वेळा रात्री अकराला आईनंच केलेली असते. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, बाटल्यांची झाकणं अशा वस्तूंतून शेकडो खेळणी केली. त्यांत विकत आणायचं जवळजवळ काही नव्हतं आणि खेळणं मुलाच्या हातून तुटलं तरी चालत होतं. शाळेनं पालकांकडे मागायचंच असेल तर वेळ मागावा: या आठवड्यात मुलाला सोसायटीची टाकी दाखवा, पुढच्या आठवड्यात मंडईत नेऊन भाजी कुठल्या गावाहून आली ते भाजीवाल्या काकांना विचारू द्या. वर्गात त्यावर गप्पा होतील, त्याला गुण नकोत.

भीती नको

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी तीस वर्षांपूर्वी एक सूत्र मांडलं, ते मला अतिशय पटतं: चौथीपर्यंत मुलांना आपत्ती सांगू नका. जंगलं जळताहेत, प्राणी नष्ट होताहेत, हे लहान वयात सतत ऐकलेलं मूल निसर्गाशी जोडलं जाण्याऐवजी त्याच्यापासून मन काढून घेतं. आधी ओढ लागू द्यावी. वेताळ टेकडीवर पावसाळ्यात लाल मखमली किडा तळहातावर घ्यावा, पाषाण तलावाकाठी बगळा किती वेळ न हलता उभा राहतो ते बघावं, रस्त्यावरच्या वडाच्या पारंब्यांना लोंबकळावं. ज्याच्यावर जीव जडला त्याची काळजी घ्यायला पुढे कोणी सांगावं लागत नाही.

पण बातम्या घरात येतातच. एखाद्या रात्री झोपताना मूल विचारतं, ‘बाबा, पृथ्वी संपणार आहे का?’ तेव्हा ‘काही नाही रे, झोप’ म्हणून टाळू नये आणि खरंखोटं सगळंही ओतू नये. साधारण असं सांगता येतं: ‘नाही, संपणार नाही. हवा पूर्वीपेक्षा गरम होतेय, पाऊस कधी खूप पडतो, कधी ओढ देतो, हे खरं आहे. ते नीट व्हावं म्हणून खूप मोठी माणसं काम करतायत. आम्हीही करतोय. ते मोठ्यांचं काम आहे. तुझं काम उद्या सकाळी झाडांना पाणी घालायचं.’ मुलाला दोन गोष्टी ऐकायच्या असतात: हे कोणीतरी बघतंय, आणि माझ्या वाट्यालाही काहीतरी आहे.

आईबाबांचा वाटा

मूल ऐकतं त्यापेक्षा कितीतरी जास्त बघतं. कापडी पिशवीचा धडा गिरवून घेतला आणि येताना भाजी प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून आणली, तर मुलानं शिकायचं ते शिकून झालेलं असतं. यासाठी सगळं घर आदर्श करायची गरज नाही. दोन-तीनच गोष्टी निवडाव्यात, पण त्या रोज, मुलाच्या डोळ्यांदेखत आणि मोठ्यानं बोलत कराव्यात. ‘पोळ्या उरल्यात, उद्या फोडणीची पोळी करू.’ ‘आरओमधून हे पाणी वाया जातंय, बादलीत धरू, फरशी पुसायला होईल.’ ‘गाडी नको, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ.’ निर्णय घेताना मोठ्यांचं डोकं कसं चालतं ते मुलाला ऐकू आलं पाहिजे.

आजी-आजोबा घरात असतील तर ते या कामातले खरे जाणकार. जुन्या नऊवारीची गोधडी, बोहारणीला कपडे देऊन घेतलेलं पातेलं, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला. हे सगळं त्यांनी चणचणीतून केलं, हौस म्हणून नाही, हेही मुलांना सांगावं. नाहीतर जुना काळ उगीच गोड वाटतो. घरात एखादी गोधडी असेल तर आजीला मुलाच्या शेजारी बसून दाखवू द्या की कुठला तुकडा कोणाच्या साडीचा.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यायला हवी. मुलाला घरातला पोलीस बनवू नका. ‘आजोबा, तुम्ही नळ उघडा ठेवलात!’ असं सहा वर्षांचं मूल सगळ्यांसमोर ओरडलं की आपण कौतुकानं हसतो. आजोबा दुखावतात, आणि मूल दुसऱ्याची चूक पकडण्याला पर्यावरणाचं काम समजू लागतं. त्याला जाऊन नळ बंद करायला शिकवा, न बोलता.

मुलाकडून घराला कळतं हे मात्र खरंच आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामानबदलाचा अभ्यासक्रम शिकवला आणि त्यांच्या पालकांचीही मतं तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांची आस्था वाढलेली दिसली, आणि मुलींनी वडिलांवर पाडलेला परिणाम विशेष ठळक होता. ती मुलं आपल्या बालवाडीतल्या मुलांपेक्षा मोठी होती. पण त्यांच्या अभ्यासात पालकांच्या मुलाखती घेणं हाही भाग होता, म्हणजे मुलं उपदेश करत नव्हती, विचारत होती. हे लहानांनाही लागू पडतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकाच वर्गात असं मूल असतं ज्याच्या घरी दिवसभर पाणी असतं, आणि असंही मूल असतं ज्याची आई सार्वजनिक नळावर हंडे भरते. दोघांना ‘तू घरी पाणी कसं वाचवशील?’ हाच कागद भरायला देणं अन्यायाचं आहे. दुसऱ्या मुलाचं घर आधीच वर्गात सगळ्यात कमी पाणी वापरतं, सगळ्यात कमी वीज वापरतं, वस्तू सगळ्यात जास्त काळ टिकवतं. एक हंडा पाणी दिवसभर कसं पुरवायचं हे त्याची आई वर्गाला येऊन सांगू शकेल, आणि तिला तसं मानानं बोलवायला हवं.

गणपती आणि शाडू

सणांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच बोललं जातं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समची खडी भाजून पाणी काढून टाकलेली पूड. पुन्हा पाणी घातलं की ती घट्ट धरते आणि मग साध्या पाण्यात सहजी विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं घरच्या घरी अशी मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत शोधली. त्यातून खाली चुनखडीसारखा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यातलं अमोनियम सल्फेट झाडांना खत म्हणून चालतं. शाडूची मूर्ती तर बादलीत काही तासांत विरते.

पण मुलांना एवढ्यावर सोडू नका. शाडू मातीही कुठूनतरी खणूनच आणतात, बरीचशी गुजरातहून येते. तीही अमर्याद नाही. म्हणून बादलीच्या तळाशी बसलेली माती वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. शहरात ती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याच्या मोहिमाही चालतात. मुलानं यंदा केलेल्या मूर्तीची माती डब्यात ठेवा, डब्यावर त्याचं नाव लिहा. पुढच्या भाद्रपदात तोच गोळा मळायला काढा.

विजेचं जरा नंतर

वीज दिसत नाही, हातात धरता येत नाही, म्हणून लहान वयात ‘खोलीतून निघताना दिवा बंद’ एवढी सवय पुरे. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात येतं, गुणाकार-भागाकार जमू लागतात, तेव्हा विजेकडे वळावं. त्या वयात आकडे आवडायलाही लागतात.

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालणं. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं. ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर साडेचार दिवस रात्रंदिवस जळतो. महाराष्ट्रातली बरीच वीज कोळशावर होते, चंद्रपूरसारख्या ठिकाणी, आणि एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. काट्यावर अर्धा किलो कांदे ठेवून ‘गीझरच्या अर्ध्या तासाला निदान एवढा कोळसा’ असं एकदा दाखवा. मग महावितरणचं बिल मुलाच्या हातात द्या, दर रविवारी मीटर वाचून वहीत लिहायला सांगा, आणि घरातल्या कुठल्या यंत्रानं किती युनिट खाल्ले असतील याचा हिशेब त्यालाच मांडू द्या. फ्रिज, पंखे, टीव्ही, गीझर, प्रत्येकावर वॉट लिहिलेले असतात. ते कुठे लिहिले आहेत हे शोधण्यातच त्याचा पहिला रविवार जाईल.